ठाण्याहून आणलेली स्वस्तातली पायगाडी

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. जसं आजोबांकडून ऐकलं, तसं सांगतोय.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही मात्र भर दुपारची आहे. सन १८९८, पौष महिना, कोपरचं मिठागर.

आमचे पणजोबा तिथे मुकादम होते. गोष्टीपुरतं त्यांना नुसतं पंढरी म्हणतो. समोर असते तर कानाखाली बसली असती.

तर पंढरीचा गुडघा गेला होता.

मुकादमाचं काम म्हणजे दिवसभर बांधावरून फिरायचं. मालकाने तोंडावर सांगून टाकलं होतं, "होळीपर्यंत बघतो. नाय जमला तर दुसरा मुकादम." आणि घरात बायको शालू, सातवा महिना लागलेली.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, साहेब लोकांच्या जुन्या पायगाड्या ठाण्यात स्वस्तात मिळतात. हल्लीच्या सायकलीला तेव्हा पायगाडी म्हणत.

पंढरी होडीने ठाण्याला गेला. परशुराम नावाचा माणूस जुनं सामान विकायचा. त्याच्या अंगणात तीन पायगाड्या उभ्या होत्या. दोन त्याने फडक्याने पुसून पुसून दाखवल्या.

तिसरीला त्याने हातही लावला नाही.

किंमत मात्र तिची निम्मी होती.

"हिच्यात खोट काय?" पंढरीने विचारलं.

"खोट काही नाही. चालते की. उलट... फारच सरळ चालते."

पंढरीने तीच घेतली. त्याला तेवढीच परवडत होती.

गाडी घरी आली तेव्हा गंमतच झाली. दारात जनावर आणलं की काय करायचं, ते आमच्या घरात ठरलेलं. पायावर पाणी, कपाळाला कुंकू, भाकरीचा तुकडा. शालूने तेच सगळं केलं. चाकांवर पाणी ओतलं, दांड्याला कुंकू लावलं आणि म्हणायचे ते शब्द म्हटले.

"आलात ते घरचेच झालात."

पंढरीची आई सखुबाई ओसरीवरून बघत होती. म्हणाली, "दावा सोडून घेतलास का रं?"

बैल विकत घेताना जुना मालक आपलं दावं स्वतःच्या हाताने सोडून घेतो. म्हणजे त्याचा हात सुटला. मग आपण आपलं नवं दावं बांधायचं. सोडून घेतलं नाही तर जुना हात सुटत नाही, असं म्हातारीचं म्हणणं.

पंढरी हसला. "आये, लोखंडाला कसला दावा?"

दुसऱ्या दिवशी अख्खं मिठागर काम टाकून बांधावर जमलं. मुकादम आपटणार, हे बघायला कोण येणार नाही?

पंढरी बसला. पाय मारले.

पडला नाही.

वळणावरही नाही. उतारावरही नाही. लोक बिचारे हिरमुसले होऊन परत गेले.

चार दिवस पंढरी राजासारखा फिरला. मालकही खूश झाला.

पाचव्या दिवशी त्याला आवाज ऐकू आला...

धाप.

कुणीतरी धापा टाकत होतं. अगदी मागे.

पंढरी तर आरामात बसलेला होता. मग हा श्वास कुणाचा?

त्याने गाडी थांबवली. वळून बघितलं. बांध मोकळा होता. ऊन नुसतं भाजत होतं.

धाप थांबली... पण थोडी उशिराने.

सातव्या दिवशी दुपारी माणसं जेवायला सावलीत गेलेली. त्या आवाजाच्या भीतीने पंढरीने जोर लावला आणि गाडी बांधावरून खाली गेली, थेट नव्या वाफ्यात. मिठाचा वाफा पायाने तुडवून तुडवून सपाट करतात. पाणी सोडेपर्यंत त्यावर कुणी पाऊल टाकलं तर मुकादम त्याच्या सात पिढ्या काढतो. आणि इथे मुकादमच.

किती नुकसान झालं ते बघायला त्याने मागे पाहिलं.

ओल्या चिखलात चाकाची रेघ होती.

आणि रेघेला लागून... पावलं.

अनवाणी. नुसते चवडे खोल रुतलेले, टाचा नाहीतच. जीव तोडून धावणाऱ्या माणसाची पावलं. ती गाडीच्या मागच्या चाकापाशी येऊन थांबली होती.

पंढरी संध्याकाळच्या आत ठाण्यात होता.

परशुरामने आधी अंगणाचं दार लोटून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब शिकत होता. आनंदा नावाचा गडी मागून बैठक धरून पळायचा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, असा साहेबाचा हुकूम. एका दुपारी साहेबाला गाडी जमली आणि तो कल्याणच्या रस्त्याने सुसाट निघाला. गड्याचं त्याला भानच राहिलं नाही. आनंदाने सोडलं नाही. तोंडातून रक्त आलं, मेला... तरी मूठ बैठकीवर तशीच होती."

"मग तुम्ही सोड म्हणायचा ना!"

"म्हटलं. माझं कशाला ऐकेल? मी विकणारा. तो मालकाचं ऐकणार." परशुरामने नजर चुकवली. "आता मालक तुम्ही."

पंढरी परत आला.

'सोड' म्हटलं, तर तो पडणार होता. गाडी चालवायला तो शिकलाच कुठे होता? आणि गाडी गेली की मुकादमी गेली.

आणखी तीन दिवस तो बसला. धाप वाढत गेली. मग तिच्यात घरघर यायला लागली. मेल्यावरही माणूस धावतोय आणि आपण वर बसलोय, हे त्याला सोसेना. त्याला स्वतःची शरम वाटली.

चौथ्या दुपारी त्याने डोळे मिटून म्हटलं,

"आनंदा... सोड रं बाबा."

बैठक एकदा थरथरली. धाप थांबली.

पंढरी धाडकन वाफ्यात आपटला. गेलेला गुडघा पुन्हा दुखावला. पण जीव हलका झाला. चिखलात पडल्या पडल्या तो रडला.

मग त्याने मान वर केली.

त्याच्यासमोर चिखलात एक पाऊल उमटलं.

मग दुसरं.

आता टाचाही उमटत होत्या. घाई नव्हती. पावलं चालत चालत बांधावर चढली... आणि घराच्या वाटेला लागली. 'आलात ते घरचेच झालात,' असं शालूने म्हटलंच होतं.

त्याच वाटेने शालू त्याचं जेवण घेऊन येत होती. खाडीचं पाणी आत घ्यायच्या दारावर एकच फळी टाकलेली, वीतभर रुंद. शालू त्या फळीवर होती. डोक्यावर टोपली, सातवा महिना.

ओली पावलं फळीवर उमटली. तिच्यापर्यंत गेली. तिला वळसा घालून... मागे उभी राहिली.

शालू हसली. "अवो, आज किती हलका वाटतंय! कंबर दुखतच नाय. कोनी मागून धरल्यासारखा..."

पंढरीच्या तोंडात पुन्हा तोच शब्द आला होता, 'सोड'.

खाली पाणी खोल होतं.

त्याने तो शब्द गिळला. तेव्हाही आणि नंतर जन्मभर. मुकादमी गेली, गाडी खाडीत टाकली, पण शालूला घरात कधी ठेचसुद्धा लागली नाही.

दोन महिन्यांनी मुलगा झाला. तेच माझे आजोबा. चालायला लागले ते एकदाही न पडता. वडीलही पडले नाहीत. मीही नाही. लोक आमच्या घराचं कौतुक करतात.

गेल्या सोमवारी माझी नात पहिल्यांदा उभी राहिली आणि हॉलमधून किचनपर्यंत सरळ चालत गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तिच्या मागच्या फरशीकडे बघत होतो.

घरात आता सगळ्यांत मोठा मीच, म्हणजे मालकही मीच. शब्द मला ठाऊक आहे. रोज ठरवतो, आज म्हणायचं. पण पोर चालत असते आणि माझं तोंड उघडत नाही.