मालकाच्या हातचा नारळ

सकाळी सहाला अंबाजोगाईच्या मंडी बाजारातून दूध घेऊन चाललेल्या मन्मथला एका बाईनं हाक मारली.

"अहो, दोन मिनिटं आहेत का? नारळ फोडायचाय."

समोर हार घातलेली बस, बसमध्ये अष्टविनायकाला निघालेली माणसं आणि रस्त्यावर नारळ धरून उभी असलेली, चष्मेवाली रुद्राणी. यात्रा कंपनी तिनं सहा वर्षांपूर्वी काढली होती. कार्डावर 'संचालक' छापलं होतं. लोक ते नीट वाचत आणि विचारत, "आन् साहेब कुठंयत?"

आजवर नारळ तिचे वडील रुद्रप्पा फोडत. आज त्यांचा खांदा आखडला होता. स्टिअरिंग धरणाऱ्यानं नारळाला हात लावायचा नाही, हा ड्रायव्हर धोंडीरामचा नियम. बसमधले पुरुष मिळालेली खिडकी सोडायला तयार नव्हते. ती स्वतः वाकली, तर पहिल्या सीटवरच्या वच्छलाबाई ओरडल्या, "बाईमाणसानं न्हाई फोडायचा गं!"

मन्मथचं हार्डवेअरचं दुकान होतं. तरी नारळ चौथ्या घावाला फुटला. पाणी थेट तिच्या चष्म्यावर उडालं. प्रेमकथेत इथे पाऊस असतो. बीड जिल्ह्यात एवढ्यावर भागवावं लागतं.

"निबर होता," तो म्हणाला.

"हो… नारळच निबर होता," ओढणीनं काचा पुसत ती म्हणाली.

"ओ मालक," वच्छलाबाई खिडकीतून म्हणाल्या, "एसी लावाय सांगा की!"

मालक कोण ते बघायला मन्मथनं मागे वळून पाहिलं. मागे एक गाय होती.

पुढची सहल कोकणाची. रुद्रप्पांचा खांदा तोवर बरा झाला होता, तरी मन्मथ आला.

"आज बोलावलं नव्हतं," रुद्राणी म्हणाली.

"फळ्यावर तारखा लावल्यात ना तुमी. वाचतो मी."

"वाचता रोज, आणि सहलीला एकदाही येत नाही."

"मला गाडी लागती. लातूरला जाऊस्तोवर दोनदा थांबवावी लागती."

"हळू बोला… यात्रा कंपनीचं दार आहे हे."

तो हसला. तिनंही यादी वाचता वाचता हसून घेतलं. रुद्रप्पांनी दोघांकडे पाहिलं आणि त्यांचा खांदा पुन्हा दुखायला लागला, तो कायमचाच.

आठ महिने असंच चाललं. मन्मथ दुकानामागे सराव करून एका घावावर आला. त्याच्या घरी त्या काळात प्रत्येक भाजीत खोबरं होतं. एकच गोष्ट तिला सलत होती. जो मान तिला सहा वर्षांत मिळाला नाही, तो त्याला चार घावांत मिळाला होता. सगळे त्यालाच मालक म्हणत. तो दरवेळी "मॅडमला विचारा" म्हणे. लोकांना तो मालकाचा विनय वाटे.

मग काशीची यात्रा आली. बारा दिवसांची, तिची पहिली मोठी, आणि नेणार ती स्वतः. निम्मी बस केजच्या मोहनरावांच्या माणसांची. मोहनरावांनी पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला.

"मालक, तुमी येताव ना संगं? नुस्त्या बाईमाणसावर काशीला कसं जावं? न्हाईतर आमी उतरतो सगळे."

सगळ्यांनी मन्मथकडे पाहिलं. रुद्राणीनंही. नुसती मान हलवायची होती. आणि खरं बोललं तर काशी बुडेल. वर नारळ तिच्या हातात गेला की पुन्हा या दारात यायला त्याला निमित्तही उरणार नाही.

त्यानं नारळ तिच्यापुढे धरला.

"मालक ह्या हायेत. मी नारळापुरता."

"मन्मथ…" ती पहिल्यांदाच नावानं बोलली.

"फोडा. निबर न्हाई, वाजवून आणलाय."

"अगं, बाईमाण…" काशीलाही निघालेल्या वच्छलाबाईंचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत नारळाची दोन शकलं झाली. पाणी मोहनरावांच्या धोतरावर गेलं.

"आगं बया, एकाच दणक्यात! ह्याला चार लागलेते!" वच्छलाबाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून आधी खिडकीच्या जागेवर जाऊन बसल्या. उरलेल्या खिडक्या भराभर भरू लागल्या. मोहनरावांनी ते पाहिलं. तत्त्व एका बाजूला, बारा दिवस खिडकी एका बाजूला. ते चढले.

मन्मथ रिकाम्या हातांनी उभा राहिला.

"चला… आता माझं काय काम इथं."

"सीट नंबर दोन रिकामी आहे," यादीतून मान वर न करता रुद्राणी म्हणाली. "वच्छलामावशींशेजारी."

"मला गाडी लागती."

"माहीत आहे. लिंबं घेतलीत. आवळा सुपारीपण आहे."

"कधी घेतली?"

"काल."

तो बघत राहिला. तिनं चष्मा काढून पुसला. काचांवर आज थेंबही नव्हता. त्यानं घरी आणि दुकानात दोन फोन केले आणि चढला.

गाडी हलली. वच्छलाबाईंनी शेजारी लिंबू हुंगत बसलेल्या माणसाला आपादमस्तक न्याहाळलं.

"रुद्राणे, मालक तू. मंग ह्यो कोन गं?"

"प्रवासी," रुद्राणी म्हणाली. मग रस्त्याकडे बघत… "सध्या."