डी ड्राइव्हवरचा रिकामा फोल्डर

“भैया, कंप्यूटर अपने आप चालू हो जाता है,” सदर बाजारातल्या दुकानदाराला मी शक्य तितक्या हळू सांगितलं, तरी मागे कोणीतरी हसलंच.

मी वळून पाहिलं. ओली छत्री झटकत एक उंच मुलगा उभा होता. बाहेर जानेवारीतला मावठा, त्याच्या चष्म्यावर थेंब... आणि चेहऱ्यावर ते हसू!

“काहून हसून राहिले तुम्ही?” रागाच्या भरात घरातली मराठी तोंडातून निसटली.

त्याचं हसू दुप्पट झालं. “अहो, मराठी! बदली होऊन या हिंदी मुलखात आल्यापासून चहावाला, घरमालक, साहेब, सगळ्यांशी हिंदीच बोलतोय. परत रागवा ना जरा.”

“मैडम, वायरस होगा,” दुकानदार मध्येच म्हणाला. “फॉर्मेट मार देते हैं. सब साफ.”

“नहीं! कुछ भी साफ नहीं करना है.” मी जवळजवळ ओरडलेच आणि बाहेर पडले.

छपराखाली पाऊस थांबायची वाट बघत होते, तर तो शेजारी येऊन उभा राहिला. आता हसत नव्हता.

“कुणाचा आहे कंप्यूटर?”

“बाबांचा. दिवाळीआधी गेले ते.”

“आणि सुरू कधी होतो?”

“दुपारी चार वाजता... रोज. बाबा झोपून उठले की चारलाच त्याच्यासमोर बसायचे.”

त्यानं चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिला. मग म्हणाला, “मी अक्षत. कऱ्हाडचा. बँकेच्या ऑफिसात कंप्यूटरचंच बघतो. शनिवारी येऊ का? भूत बघायची हौस आहे मला लहानपणापासून.”

त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी चक्क पत्ता दिला.

शनिवारी तो आला तेव्हाही आभाळ भरलेलं होतं. बाबांच्या खोलीत भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. आईनं नेहमीप्रमाणे आलं घालून, दोन चमचे साखर टाकून चहा केला, कंप्यूटरच्या काळ्या पडद्याशेजारी कप ठेवला आणि पलंगावर बसली. बाबांच्या खुर्चीत आमच्याकडे कुणीच बसत नसे.

चार वाजले. टेबलाखाली पंखा घरघरला. पडदा उजळला, आणि त्याचा निळसर प्रकाश रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर पडला.

“अहो, चहा निवून जाईल,” आई खुर्चीला म्हणाली. अगदी साधेपणानं, जसं रोज म्हणायची.

अक्षतच्या हातावर काटा आलेला मी पाहिला. त्यानं बाही खाली ओढली.

फाटकाशी निरोप देताना मी त्याला सगळं सांगून टाकलं. बाबा गेल्यापासून आई चारच्या सुमाराला घराबाहेर पडली नव्हती. भिशी सुटली, देऊळ सुटलं, नागपूरला सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेली नाही. म्हणे, ते उठतील आणि मी नसेन. बाबा तर गेलेच होते, आता आईही हळूहळू त्या खोलीत नाहीशी होत होती. मला ती परत हवी होती.

“आणि तो चहा? संपवतात का बाबा?” त्यानं मुद्दाम हलक्या आवाजात विचारलं.

“आई पिते. मी शाळेच्या वह्या तपासून येते तोवर कप रिकामा असतो. तिला साखरेचं पथ्य आहे, पण मी टोकत नाही. तेवढं तरी सुख असू दे तिला.”

“हं,” तो म्हणाला. “बघू. अजून निरीक्षण करावं लागेल.”

मग तो दर शनिवारी निरीक्षणाला येऊ लागला. कधी सदरमधून गरम खोव्याची जिलेबी आणायचा, कधी नुसताच भिजून यायचा. चार वाजता पडदा उजळला की माझा हात आपोआप त्याच्या बाहीकडे जायचा. तो थोडा जवळ सरकायचा. भीती वाटत होती हे खरं. पण शनिवारची वाट बघत होते हेही तितकंच खरं.

एका शनिवारी चार वाजून गेल्यावर आई आतल्या खोलीत पडली असताना तो टेबलापाशी उभ्यानंच वाकला आणि माउस हातात घेतला.

“हे बघा. नवं अपडेट आधी उतरवून एका फोल्डरात साठवलं जातं, मग बसवलं जातं. तो फोल्डर आहे सी ड्राइव्हवर, आणि सी गच्च भरलाय. रोज अर्धं उतरतं, जागा संपते, दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. त्याच कामासाठी बिचारा रोज उठतोय.”

“पण चारलाच काहून?”

त्यानं एक खिडकी उघडून दाखवली. “वेळ कुणीतरी हातानं लावलीय. दुपारी चार. झोपलेला असेल तर उठव, अशी खूणही केलीय.”

म्हणजे बाबांनीच. आपण येऊन बसायच्या आत यंत्रानं आपलं आवरून ठेवावं म्हणून. मला हसू आलं आणि रडूही.

“आता?”

“फोल्डर डीवर हलवायचा. तिथं जागाच जागा आहे. जुन्या ठिकाणी फक्त पाटी ठेवायची, की इथं राहत नाहीत, तिकडे गेले. कंप्यूटर जुन्याच दाराशी येतो आणि पाटी त्याला नव्या घरी नेऊन सोडते. अपडेट पूर्ण झालं की रोज उठायचं कारण संपलं.”

‘तिकडे गेले’ हे शब्द त्या अंधारलेल्या खोलीत मला नको इतके स्पष्ट ऐकू आले.

त्यानं डी उघडला. एवढा मोठा ड्राइव्ह, आणि आत एकच फोल्डर होता. नाव: ‘यशूचं लग्न’. यशू म्हणजे मी. उघडला तर आत काहीच नव्हतं. ही डिस्क घेताना बाबा म्हणाले होते, फोटोंना जागा लागेल. मी मान दुसरीकडे वळवली.

त्यानं फोल्डर हळूच बंद केला. मग चाचरत म्हणाला, “कुणाशी... म्हणजे... ठरलंय का?”

“रिकामा दिसून राहिला ना फोल्डर?”

“दिसून राहिला,” तो म्हणाला. आमची मराठी त्याच्या तोंडी इतकी गोड लागेल असं वाटलं नव्हतं.

“काकूंना आधी सांगूया,” माउसवरचा हात थांबवत तो म्हणाला.

“नंतर सांगते मी. तुम्ही करा.” मला घाई झाली होती. आईला विचारलं असतं तर तिनं नाहीच म्हटलं असतं.

त्यानं नाइलाजानं अपडेटची सेवा थांबवली, फोल्डर हलवला, पाटी ठेवली, सेवा परत सुरू केली. या वेळी अपडेट शेवटपर्यंत उतरलं. यंत्र एकदा बंद होऊन सुरू झालं आणि मग शांत झोपी गेलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. कप ठेवलेला. पंखा घरघरला नाही. पडदा काळाच राहिला.

आई वाट बघत बसली. एकदा उठून तिनं खुर्ची जराशी सरळ केली, परत बसली. “अहो...” एवढंच म्हणाली. ती हाक मला ऐकवली नाही. मी बाहेर येऊन अक्षतला फोन लावला. “होतं तसं करून द्या. प्लीज. माझंच चुकलं.”

तो तसाच निघून आला. माझ्याकडे न बघता थेट खोलीत गेला आणि आईसमोर जमिनीवर बसला. “काकू, मी काल कंप्यूटर दुरुस्त केला. तो का उठायचा ते सांगतो. तुम्ही म्हणालात तर परत पहिल्यासारखा करून देईन.”

त्यानं सगळं सांगितलं. भरलेला सी, फोल्डर, पाटी, चारची वेळ. आई ऐकत होती.

“मला माहीत होतं रे, मशीन आहे ते,” ती शेवटी म्हणाली. “एवढी वेडी नाही मी. पण वेळ यांनी लावलेली ना, बेटा? रोज चारला वाटायचं, अजून घरात यांचं काही चालू आहे.” मग पदरानं डोळे पुसले. “राहू दे आता. नको परत करू. उठ, खाली काहून बसला? खुर्चीत बस.”

बाबांच्या खुर्चीत! तो अवघडून टोकावर बसला. माझा जीव भांड्यात पडला. आईच पुढे म्हणाली, “यशू, तो चहा घेऊन टाक. रोज पितेस तसा.”

“मी? मी कुठं पिते?” मी हसले. “तूच पितेस ना. मला ठाऊक आहे सगळं, पथ्य मोडून राहिलीस.”

“चल! साखरेचा चहा मी तोंडाला लावत नाही. मला वाटायचं, तू शाळेतून थकून येतेस, म्हणून...”

आईचं वाक्य अर्धंच राहिलं.

आम्ही तिघांनी एकाच वेळी टेबलाकडे पाहिलं. काळ्या पडद्याशेजारी कप होता. रिकामा. तळाशी आल्याची एक काडी. मी हात लावला. कप अजून गरम होता.

“शप्पथ, मी घेतला नाही,” अक्षत पुटपुटला.

तो सावकाश खुर्चीतून उठला. चेहरा पांढरा पडला होता. वाटलं, आता हा छत्री उचलणार आणि कऱ्हाडपर्यंत मागे वळून बघणार नाही. पण त्यानं खुर्ची नीट जागेवर सरकवली आणि तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

“काका,” तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला, “पहिल्याच शनिवारी दुरुस्त करता आलं असतं मला. पण मग परत यायला निमित्त उरलं नसतं. तुमच्या डी ड्राइव्हवर तो रिकामा फोल्डर आहे... तो भरायची माझी इच्छा आहे. यशश्री हो म्हणाली तर. आणि तुमची... हरकत नसेल तर.”

मी त्याचा हात धरला. बर्फासारखा गार होता, पण त्यानं माझा घट्ट धरून ठेवला.

“हो म्हणून राहिले मी,” मी म्हणाले.

आईनं रिकामा कप उचलला, पदरानं हलकेच पुसला आणि स्वयंपाकघराकडे वळली.

“चार कप ठेवते,” ती म्हणाली.

चौथा कुणाला, हे आम्ही विचारलं नाही.