गळलेल्या चौकटी

श्रीरंग खानविलकर रोज दुपारी दोन वाजता शर्यतीचा गेम खेळत लाइव्ह जायचा आणि अकरा हजार लोक त्याला बघायचे. तो लहानपणापासून अडखळत बोलायचा. शाळेत हजेरीला स्वतःचं नावसुद्धा धड निघायचं नाही. इथं मात्र तीन वर्षांत कुणी त्यावरून एक शब्द काढला नव्हता. त्या बळावर त्यानं उपचारही सोडून दिले होते.

मिरजेतल्या एका शिक्षिकेनं अडखळत बोलणाऱ्या मुलांना दाखवण्यासाठी त्याचे जुने कार्यक्रम मागवले. त्यानं मोठ्या हौसेनं पाठवले. उत्तर आलं, "तुम्ही तर कुठंच अडखळत नाही. या मुलांची थट्टा करताय का?"

म्हणून त्यानं संगणक दुरुस्त करणाऱ्या सायरा मुजावरला घरी बोलावलं.

"म-मला स्वतःचा आवाज ऐकवत नाही. मी कधी परत ब-बघितलंच नाही," तो म्हणाला. "रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी बि-बिघाड असेल."

सायरानं चाचणी घेतली. एक रेकॉर्डिंग संगणकातच साठवलं आणि त्याच वेळी खासगी लिंकवरून स्वतःच्या मोबाइलवर लाइव्ह पाहिलं. संगणकातला श्रीरंग 'नमस्कार'च्या 'न'वर तीनदा अडकला होता. मोबाइलवरचा घडाघडा बोलत होता; ओठांची हालचालही तंतोतंत जुळत होती.

तिनं सेटिंग उघडलं. "पूरक चालू आहे."

इंटरनेट मंदावलं की चित्राच्या काही चौकटी आणि आवाजाचे तुकडे वाटेतच गळतात. मागचंपुढचं बघून ती जागा अंदाजानं भरणारा हा प्रोग्रॅम हल्ली प्रत्येक नव्या संगणकात असायचा.

"तुमचं अडखळणं त्याला नेटचा दोष वाटतं," सायरा हळूच म्हणाली. "तो ते कापतो आणि तुमच्याच आवाजात वाक्य पुरं करतो. पहिल्या दिवसापासून."

श्रीरंगच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "ब-बंद करा."

"तुमची लाइव्हची वेळ झालीय. आजच्या दिवस राहू दे, मग निवांत..."

"बंद करा."

तो लाइव्ह गेला. लगेच पडद्याच्या कडेला प्रतिक्रिया धावू लागल्या. 'आवाज अडकतोय.' 'दादा, नेट बदल.'

"न-नेट ठीक आहे. मी अ-असाच बोलतो."

मग हसणारे चेहरे आले, रांगेनं. 'नक्कल पुरे.' अकरा हजारांचे सात झाले, सातांचे चार. एकानं लिहिलं, 'खऱ्या श्रीरंगला परत आणा.' बघता बघता आठशे जणांनी त्याला दुजोरा दिला.

श्रीरंगनं शर्यत शेवटपर्यंत खेळली. सायरानं माउसचा बाण पूरकच्या बटणावर नेऊन ठेवला. त्यानं मान हलवून नको म्हटलं आणि लाइव्ह थांबवलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तीन वर्षं लोकांनी माया ल-लावली, ती नेमकी क-कुणाला?"