काचेवरची टकटक

लोकरी स्वेटर घालून सौनाच्या तापलेल्या खोलीत शिरणारा माणूस मायाने पहिल्यांदाच पाहिला. सांगलीच्या त्या जिममध्ये ती सौना सांभाळायची.

"अहो पैलवान, थंडी वाजतेय का?"

तो गोरामोरा झाला. सिद्धू, आटपाडीकडचा. कुस्तीच्या निवड चाचणीत खालच्या वजनगटात बसायला त्याला वजन उतरवायचं होतं, आणि तालमीतले सगळे असंच करत... अंगावर स्वेटर, तोंडाला पाणी नाही. मायाने स्वेटर काढायला लावला, पाणी प्यायला लावलं, आणि नियम सांगितला. ती काचेवर टकटक करील, त्याने आतून उलट टकटक करायची. म्हणजे ठीक आहे. उत्तर आलं नाही तर ती दार उघडणार.

हळूहळू ती गरजेपेक्षा जास्त वाजवू लागली. एकदा त्याने मुद्दाम उशीर केला.

"काळजी वाटती व्हय?"

"जिमचं नाव खराब होईल म्हणून."

"जिमची बोटं लय हळू वाजत्यात..."

ती वळली, पण कान लाल झाले होते.

चाचणीच्या सकाळी तो आदल्या दिवसापासून कोरडा होता. पाण्याचा ग्लास त्याने परत केला. आजच्या दिवस, म्हणाला. वय उलटत होतं, पुन्हा संधी नव्हती. त्या डोळ्यांपुढे तिला नाही म्हणवेना. तो तसाच आत गेला.

तिने टकटक केली. उत्तर नाही.

तिने त्याला ओढत बाहेर काढलं, ओला पंचा मानेवर ठेवला. तो शुद्धीवर आला तशी डॉक्टर येईपर्यंत मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. तो पीत होता आणि रडत होता. प्रत्येक घोट वजनाच्या काट्यावर चढणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

चाचणी हुकली. तो निरोप घ्यायला आला. आता गावाकडं आबांच्या मेंढरांमागं, एवढंच म्हणाला.

"जीव तर वाचला ना तुमचा?"

"व्हय. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या त्यो... मला आता त्याचं काय काम न्हाई."

तो बाहेर पडला. काचेचं दार मिटलं. मायाने आतून टकटक केली — अगदी हळू.

तो थांबला. वळला. बोटं काचेपर्यंत आली, आणि तशीच खाली गेली.

उत्तर आलं नाही तर दार उघडायचं. नियम तिचाच होता. पण आता दार उघडून त्याला देण्यासारखं तिच्याकडे काय होतं... दाराच्या मुठीवरचा तिचा हात हलला नाही.