चौघांचं टेबल

तीस वर्षं मी कातानियाच्या बस डेपोत वेळापत्रकं आखली. बेटावरच्या कुठल्या घाटात ट्रकमागे किती मिनिटं जातात, कुठल्या गावात ड्रायव्हर कॉफीला हमखास उतरतो, सगळं मला तोंडपाठ. म्हणून तीन दिवसांची गाडीची सहल आखायला मला एक दुपार पुरेल, असं मी बायकोला, रोझाल्बाला, ऐटीत सांगून बसलो होतो. चौऱ्याण्णव सालची ही गोष्ट. आठवडा उलटला तरी कागदावर पहिल्या दिवसाचं जेवणसुद्धा ठरलेलं नव्हतं.

सहल होती माझ्या बहिणीसाठी. अगातिना लग्न करून बेल्जियमला, लिएजला गेली. पप्पांच्या अंत्यविधीला आली, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली आणि घरी न येता परस्पर निघून गेली. त्यानंतर नऊ वर्षं अवाक्षर नाही. आणि त्या ऑक्टोबरात अचानक तिचा फोन आला. "मृतांच्या सणाला येते, लिबो. तीन दिवस. मला बेटाभोवती फिरव. लहानपणी जे जे खाल्लं, ते सगळं खायचंय मला." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडलो. रक्ताचं असं मला तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि ती परत यायला निघाली होती.

पण एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी इतका का वैतागलो होतो ते कळेल. पप्पा शेवटचे चार दिवस एकच विचारत होते, "अगातिनाला फोन केलास?" आणि मी सांगत होतो, "केला. ती येत नाही." मी फोन केलाच नव्हता. इतकंच नाही, त्यांनी 'माझ्यासमोर नंबर लाव' असा हट्ट धरू नये म्हणून फोन भिंतीतून उपटून कपाटात ठेवला होता. आठ वर्षं त्यांना भरवलं मी, त्यांची उशी बदलली मी, आणि शेवटी नाव निघालं तिचं! माझा नुसता जळफळाट झाला. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो, आणि चौथ्या दिवशी ते गेले.

तेव्हा मला सहल अशी हवी होती, की बघायला सतत काहीतरी असेल, तोंडात सतत काहीतरी असेल, आणि मागचं बोलायला उसंत मिळणार नाही.

पण या बेटावर रस्ता आखायचा म्हणजे डोक्याला ताप. अडीच हजार वर्षांच्या देवळाला आमचे लोक पंधरा मिनिटं देतात आणि वांग्याच्या एका भाजीला दोन तास.

"त्रापानीला जाऊन माशाचं कूसकूस खाणार नाही?" रोझाल्बा म्हणाली. "मग त्रापानीला जाताय तरी कशाला?"

"जातच नाहीये. जाऊन येऊन आठ तास लागतात."

"मग मुक्काम कर तिकडे."

"मग मोदिका सुटतं."

"मोदिका सोडणार? आणि तिथलं चॉकलेट? नऊ वर्षांनी येतेय बिचारी, आणि तू तिला डेपोतली सँडविचं खायला घाल!"

त्यात तिचा भाऊ नोफ्रियो दिवसातून तीनदा फोन करून कुणा मावसभावाच्या खानावळीतल्या तारल्यांचं कौतुक ऐकवायचा. मी लिहायचो, खोडायचो. कागदाला भोकं पडायची वेळ आली. आणि शेवटचा वाद दोन नोव्हेंबरचा. त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव शेवंतीची फुलं घेऊन स्मशानात जातं, आणि मी तर त्या दिवशी बेटाच्या दुसऱ्या टोकाला दुपारचं जेवण धरलं होतं.

"आदल्या रात्री आपली गेलेली माणसं घरी येतात," रोझाल्बा हळू आवाजात म्हणाली. "पप्पा येतील, आणि दाराला कुलूप?"

"चार तारखेला जाऊ फुलं घेऊन. मेलेल्यांना कुठलं आलंय वेळापत्रक?"

तिनं छातीवर क्रूस काढला, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि आत जाऊन आडवी झाली.

त्या दिवशी आफ्रिकेकडचा गरम वारा सुटला होता. खिडक्यांच्या झडपा लावलेल्या, फटींतून धुळीचा तपकिरी उजेड आत येत होता. रोझाल्बानं आणलेली शेवंती बोळात बादलीत ठेवलेली होती आणि तिचा कडवट वास घरभर भरून राहिला होता. दुपारच्या त्या दोन तासांत आमच्याकडे कुणी कुणाचं दार वाजवत नाही, कुणी कुणाला फोन करत नाही. त्या वेळी रस्त्यानं जे चालतात ते जिवंत नसतात, असं आम्हाला लहानपणी सांगायचे. मुलांना झोपवायला बरं असतं ते. मला मात्र टेबलं नोंदवायची होती, आणि खानावळवाले फोनवर धड बोलतात ते तेव्हाच. मी डिरेक्टरी उघडली आणि शाक्का गावातल्या एका खानावळीचा नंबर फिरवला.

"दोन नोव्हेंबर, दुपारी एक वाजता," मी म्हणालो. "तुम्मिनेल्ली नावानं. तीन माणसं."

"चार," मालकीणबाई म्हणाल्या. "नोंद झालीये की सकाळीच. तुमच्या वडिलांचा फोन आला होता."

"बाई, माझे वडील हयात नाहीत."

"अगंबाई! मग कोण होतं ते? तुम्मिनेल्लीच म्हणाले. चौघं जण. मुलीला भिंतीकडची खुर्ची द्या म्हणाले, तिच्या कानाला वारा सोसत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगातिनाचे कान लहानपणापासून नाजूक, हे घरच्यांनाच ठाऊक. म्हणजे हा नोफ्रियोचाच चावटपणा. मी त्याला झोपेतून उठवला.

"या वेळी फोन करतोस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तो खेकसला.

"वडिलांच्या नावानं थट्टा करतोस, लाज नाही वाटत?"

"कुणाच्या वडिलांच्या? लिबो, आईच्या डोळ्यांची शपथ, मी सकाळभर ऑलिव्हची झाडं झोडत होतो. हात बघ माझे येऊन." आणि त्यानं फोन आपटला.

मी शाक्कावर काट मारली आणि मोदिकाला फोन लावला. तिथला म्हातारा मालक म्हणाला, "चौघांचं ना? झालंय. तुमचे वडील थांबून थांबून बोलतात, नाही का? छातीचं दुखणं दिसतंय." मी फोन ठेवला. मोदिकावरही काट मारली. आठवडाभर डोकं फोडून आखलेल्या रस्त्यातलं काहीच उरलं नव्हतं, आणि मला इतका संताप आला होता, की भीतीला आत यायला जागाच नव्हती.

मग मी डोळे मिटले आणि नकाशावर कुठेतरी बोट ठेवलं. बोट पडलं पेत्रालियावर, वर डोंगरात. त्या गावाचं नाव आठवडाभरात घरात कुणी घेतलं नव्हतं, मीही नाही. डिरेक्टरीत तिथली एकच खानावळ होती. फोन एका तरुण मुलीनं उचलला.

"तुम्मिनेल्ली? हो साहेब, चार जण… आत्ताच तर ठेवला त्यांनी फोन. मिनिटसुद्धा झालं नसेल."

माझा आवाज आपोआप खाली आला. "काय… काय म्हणाले?"

"टेबलाचं सांगितलं. मग एकच विचारत राहिले… 'अगातिनाला फोन केलास?' चारदा विचारलं. मी म्हटलं, आजोबा, कोण अगातिना, मला काय माहीत… साहेब? ऐकताय ना?"

बोळातला वारा थांबला. झडपा वाजायच्या थांबल्या. फ्रीजची घरघरसुद्धा बंद पडली, आणि मला माझाच श्वास ऐकू येऊ लागला. तो प्रश्न पप्पांनी फक्त मला विचारला होता, दार लावलेल्या खोलीत. रोझाल्बा तेव्हा तिच्या आईकडे होती. त्या खोलीत आम्ही दोघेच होतो, आणि त्यातला एक मी होतो.

मी नकाशा फाडला. सहल रद्द, सगळं रद्द. तिला सांगायचं, गाडीचा गिअरबॉक्स गेला, पुढच्या वर्षी ये. लिएजचा नंबर फिरवताना वाक्य मी दोनदा मनात घोकलं. तिनं लगेच उचलला, जणू हात फोनवरच होता.

"अगातिना… गाडी…" मी म्हणालो, आणि पुढे तोंडातून निघालं ते भलतंच. "मी तुला फोन केला नव्हता. पप्पा विचारत होते… चार दिवस… मी खोटं बोललो. तू येत नाहीस असं सांगितलं त्यांना."

संपलं, मला वाटलं. नऊ वर्षांनी मिळालेली बहीण माझ्याच तोंडानं गेली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तेव्हा रोज दुपारी माझा फोन वाजायचा, लिबो. उचलला की पप्पांची खोली ऐकू यायची. ते विचारायचे. तू म्हणायचास, 'केला, ती येत नाही.' मी इकडून घसा फोडून ओरडायचे, पप्पा, मी आहे, मी येते… तुम्हाला कुणालाच ऐकू जायचं नाही. तिसऱ्या दुपारी फोन तसाच लोंबकळत टाकला आणि स्टेशन गाठलं. दोन दिवसांची आगगाडी. पोहोचले तेव्हा तुम्ही चर्चमध्ये होतात."

"पण… फोन तर कपाटात… मग नऊ वर्षं गप्प का राहिलीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते." मग ती एकदम दबक्या सुरात म्हणाली, "श्श… फोन ठेवू नकोस. ते बोलतायत."

"कोण?"

"थांब ना… हो पप्पा. हो, केला. त्यानं केला फोन… आत्ताच केला."

मी रिसीव्हर कानाशी इतका दाबला की कान दुखू लागला. नुसती तारेची गुणगुण. दुसरं काही नाही. ती मात्र ऐकत होती, मध्येच हुंकार देत होती, एकदा तर लहानपणीसारखी खुदकन हसली. आठ वर्षं उशी बदलली मी, आणि आताही बोलणं चाललं होतं तिच्याशी! त्या क्षणीसुद्धा मला राग आला, खोटं कशाला सांगू. मग तिचं हसणं थांबलं. ती नुसती ऐकत राहिली. शेवटी अगदी हळू म्हणाली, "बरं… सांगते त्याला."

"काय? काय सांगितलं माझ्याबद्दल?"

"काही नाही, लिबो. टेबलं चौघांचीच राहू दे."

ती आली. आम्ही शाक्का, मोदिका, पेत्रालिया, सगळीकडे जेवलो, चौघांच्या टेबलावर तिघं. रोझाल्बानं एकदाही का म्हणून विचारलं नाही. तेव्हापासून अगातिना दर नोव्हेंबरात येते. आता मी ब्याऐंशीचा आहे, आणि इतकी वर्षं मी दर वेळी तिच्या मागे लागतो, की त्या दुपारी पप्पांनी मला काय निरोप दिला ते सांग. भांडलो, विनवण्या केल्या, एकदा ताट भिरकावलं. ती माझा हात हातात घेते आणि दर वर्षी एकच उत्तर देते, "अजून वेळ आहे, लिबो."

या नोव्हेंबरात मी पुन्हा विचारलं. तिनं हात हातात घेतला, आणि ते वाक्य म्हटलं नाही.