अप्पांचा श्वास आणि पाहुणा

त्या संध्याकाळी लाँड्रीत आलेलं शेवटचं गिऱ्हाईक चार पायांचं होतं, आणि त्यातला एक पाय बँडेजमध्ये होता.

बाहेर भुरभुर चालू होती. ती काउंटरमागे उभी राहून एका काळ्या कोटाच्या कॉलरवरचा डाग निरखत होती. दार ढकलल्याचा आवाज आला म्हणून तिनं वर पाहिलं, तर कोणीच नाही. मग काहीतरी ओलं, तपकिरी, एक कान फाटलेलं तिच्या पायाला घासून पुढे गेलं, आणि वाफेच्या इस्त्रीखाली, जिथे फरशी दिवसभर ऊबदार असते, तिथे मुटकुळं करून पडलं. जणू रोजची जागा!

पाठोपाठ तो आला. अंगात पांढरा एप्रन, पायात एकच चप्पल, दुसरी कुठे सुटली त्याचा पत्ता नाही.

"इकडे एक कुत्रा..." तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाहून वाक्य तिथेच सोडलं.

"आलाय," ती म्हणाली. "पावती आहे?"

त्यानं खरोखरच खिसे चाचपले. मग लक्षात आलं तसा कानापर्यंत लाल झाला.

"पावतीशिवाय माल देत नाही आम्ही."

"मग... हा एप्रन ठेवून घ्या. गहाण."

"तो तर ठेवावाच लागेल. आयोडिन आहे ना हे? कधीचं?"

"शुक्रवारचं."

"चार दिवस! आयोडिनला इतका मुक्काम देतात का कुणी?"

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याची पद्धत होती, हे तिनं तेव्हाच टिपलं. डाग टिपायची सवय असलेल्या माणसाच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत.

तो मागच्या गल्लीतल्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. कुत्र्याला स्कूटरनं उडवलं होतं. कुणीतरी त्याला दवाखान्याच्या पायरीवर ठेवलं आणि तोंड न दाखवता निघून गेलं. नाव माहीत नव्हतं म्हणून कंपाउंडरनं रजिस्टरमध्ये 'पाहुणा' असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी बजावलंच होतं की पाय बरा होईपर्यंतच, त्यानंतर निवाऱ्याची गाडी येईल. निवारा शहराबाहेर होता. तिथे साठ कुत्री होती आणि त्यांना बघायला दोन माणसं. कंपाउंडर स्वतः भाड्याच्या खोलीत राहायचा, आणि घरमालकीण अशी की खोलीत पोपटसुद्धा चालायचा नाही.

"तुमच्याकडे..." त्यानं फरशीकडे बघत विचारलं.

"नाही," ती म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आतच.

नाही म्हणण्यासारखंच होतं. तिच्या घरी अप्पा होते.

अप्पांनी चौतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली. अख्ख्या गावाचं चढणं-उतरणं सांभाळलं, आणि आता स्वतःचा श्वासच मजल्यांच्या मधे अडकायचा. कारणं बरीच होती, पण त्यांतलं सगळ्यांत पक्कं कारण कुत्रा. सात वर्षांची असताना तिनं एक पिल्लू फ्रॉकमध्ये लपवून घरी आणलं होतं. अप्पा चार दिवस दवाखान्यात होते. परत आल्यावर कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. पिल्लू तिनं स्वतःच नेऊन सोडलं होतं. पण त्यानंतर तिनं कधी काही मागितलं म्हणून नाही. हट्ट कसा करायचा, हेच ती विसरून गेली.

आता आई नव्हती. चौथ्या मजल्यावर दोघंच. दोन ताटं, हळू आवाजातला रेडिओ आणि अप्पांचा श्वास. दिवसभर ती दुसऱ्यांच्या लग्नाचे कोट चकचकीत करायची. खिशांत राहून गेलेल्या वस्तू काढून पाकिटात ठेवायची. एकमेकांना चिकटलेली सिनेमाची दोन तिकिटं, वाळलेलं फूल, घडीवर घडी घातलेली चिठ्ठी. सगळ्या वस्तीची प्रेमप्रकरणं तिला खिशांवरून पाठ होती. तिच्या स्वतःच्या कोटाच्या खिशात तेवढी घराची किल्ली असायची.

दुसऱ्या दिवशी ती धुतलेला एप्रन द्यायला दवाखान्यात गेली. खरं तर गिऱ्हाईकानं न्यायला यायचं असतं... पण गेली. तिसऱ्या दिवशी एप्रनही नव्हता, तरी गेली.

मग रोजचंच झालं. लाँड्री बंद झाली की दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर अर्धा-पाऊण तास. ती एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला आणि मधे पाहुणा. तिची वेणी लांब, जाड, कमरेखाली जाणारी. पाहुणा ती वेणी नाकानं ओढून घ्यायचा, तिच्यावर हनुवटी टेकायचा आणि घोरायला लागायचा.

"मला इथे पंधरा दिवस झाले मलमपट्टी करून," कंपाउंडर एकदा म्हणाला, "आणि झोप तुमच्याजवळ लागते."

"जळताय?"

"हो."

इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती पाहुण्याचा फाटका कान चोळत राहिली.

"नक्की कुणावर, ते विचारलं नाहीत," तो थोड्या वेळानं अगदी हळू म्हणाला. त्याचा आवाजच तसा होता. दिवसभर घाबरलेल्या जनावरांशी बोलून बोलून तो कुजबुजीच्या वर जायचाच नाही. त्यामुळे ऐकायला जवळ सरकावं लागायचं. ती सरकायची.

घरी तिनं यातलं काहीच सांगितलं नाही. पण काळजी घेण्यात कसूर केली नाही. हे तर तिचं कामच होतं. पायऱ्यांवर जाताना लाँड्रीतला जुना झगा चढवायचा. परत आल्यावर तो तिथेच धुवायला टाकायचा. अंगातले कपडे दिव्याखाली धरून चिकटपट्टीनं टिपायचे, ब्रश मारायचा, वाफ द्यायची. हात कोपरापर्यंत धुवायचे. कुत्र्याचा एक केस जरी उंबरा ओलांडून गेला असता, तरी तिनं हे काम सोडून दिलं असतं.

तरीही अप्पांची छाती वाजायला लागली.

आधी शिंका, मग घशात घरघर, मग जेवताना मधेच घास ठेवून खिडकीशी जाणं. तिनं उशा बदलल्या, पडदे उतरवून धुतले, पलंग भिंतीपासून हलवला. आणि एका बुधवारी सकाळी अप्पांना बोलताच येईना. ओठ निळसर पडले. शेजाऱ्यांनी गाडी बोलावली. डॉक्टरांनी वाफारा लावता लावता विचारलं, घरात जनावर आहे का?

"नाही," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि ते म्हणताना ती बाही उलटून केस शोधत होती.

त्याच संध्याकाळी ती पायऱ्यांपाशी गेली, पण बसली नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मी येत नाही यापुढे. कसं जातं ते माहीत नाही, पण माझ्याकडूनच जातंय. पाहुण्याला... गाडीबरोबर जाऊ दे.

त्यानं भांडायला हवं होतं. थांब म्हणायला हवं होतं. तो नुसता मान खाली घालून पाहुण्याच्या पायाकडे बघत राहिला.

"पट्टी पुढच्या शनिवारी निघेल," तो म्हणाला. "गाडी त्याच दिवशी येते. अप्पांना जपा."

बस्स. ती वळली. मागे पाहुणा एकदाच भुंकला. तो भुंकतो, हेही तिला तेव्हाच कळलं.

ते नऊ दिवस कसे गेले ते विचारू नये. लाँड्री बंद झाली की पाय आपोआप डावीकडे वळायचे आणि तिला ते उजवीकडे ओढून न्यावे लागायचे. एप्रन धुवायला आलाच नाही. घरी आल्यावर ती जेवण वाढायची, रेडिओ लावायची, दोन ताटं धुवायची. एवढंसं घर, पण या खोलीतून त्या खोलीत जायला तिला फार वेळ लागायचा. गंमत म्हणजे अप्पांचा श्वास रोज सुधारत होता. तिला त्याचा आनंद होता. खरोखरच होता. पण जेवताना त्यांनी शांतपणे घेतलेला प्रत्येक श्वास ऐकला की वाटायचं, ही आपल्या पायऱ्यांची किंमत.

शुक्रवारी संध्याकाळी अप्पांनी रेडिओ बंद केला आणि टेबलावर एक जुनी वही ठेवली. लिफ्टच्या बिघाडांची वही. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी गेले दोन महिने स्वतःच्या छातीची नोंद ठेवली होती. वार, वेळ, त्रास किती.

"चिमणे," ते म्हणाले, "बिघाड शोधायचा म्हणजे आधी वार बघायचा. हे बघ. रविवारी मी ठणठणीत. सोमवारी संध्याकाळी शिंका. मंगळवारी जास्त. शनिवारी पार बेजार. पुन्हा रविवारी आराम. आणि गेले नऊ दिवस नुसता उतार. आता सांग, नऊ दिवसांपूर्वी तू काय बंद केलंस?"

तिनं सांगितलं. पायऱ्या, पाहुणा, झगा, चिकटपट्टी. कंपाउंडरबद्दल शक्य तितकं कमी सांगितलं, म्हणजे अप्पांना सगळं कळलं.

"कपड्यांवर एक केस नव्हता, अप्पा. मी दिव्याखाली बघायची."

"केसानं नाही होत गं. लाळेनं होतं, कोंड्यानं होतं. ते दिसत नाही." त्यांनी वहीतल्या रविवारच्या ओळीवर बोट ठेवलं. "रविवारी तू काय करतेस?"

ती विचारात पडली. रविवारी ती घरीच असायची. कपडे, झाडलोट... आणि न्हाणं. एवढे केस रोज कोण धुणार? आठवड्यातून एकदा, रविवारी. मग तिचा हात हळूच मागे वेणीकडे गेला. रोज पाऊण तास एक ओलं नाक जिच्यावर ठेवलेलं असायचं, ती वेणी घेऊन ती रोज घरी यायची, अप्पांच्या शेजारी बसून जेवायची, त्यांच्या पलंगावर वाकून पांघरूण घालायची.

"अख्ख्या गावाचे कपडे धुतेस," अप्पा म्हणाले, "आणि डोक्यावरचं राहिलं."

तिला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. आता काय उपयोग? उद्या गाडी येणार. आणि कुत्रा या घरात तर कधीच येऊ शकणार नव्हता.

"या घरात नाहीच," अप्पा म्हणाले. "पण घर काय एकच असतं का? त्या पिल्लाच्या वेळी तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, शहाणी आहे पोर. आता वाटतं, तेव्हा तू रडायला हवं होतंस." मग डोळे पुसत, वही मिटत म्हणाले, "आणि मला कुत्र्याची ॲलर्जी आहे. कंपाउंडरची नाही."

शनिवारी सकाळी ती दवाखान्याकडे निघणारच होती. अंबाड्यावर रुमाल घट्ट बांधत होती, तेवढ्यात बाल्कनीतून अप्पांनी हाक मारली. खाली कुणीतरी उभं आहे म्हणाले. कुत्रा घेऊन.

ती पडद्याच्या आत थबकली. चार मजले खाली, रस्त्याच्या मधोमध तो उभा होता. पायात दोन्ही चपला. शेजारी पाहुणा, बँडेज निघालेल्या पायावर जरा बिचकत टेकलेला.

"काय पाहिजे?" अप्पांनी वरून विचारलं.

तो काहीतरी म्हणाला. ओठ हलले तेवढे.

"ऐकू येत नाही. वर या."

त्यानं स्वतःच्या कपड्यांकडे बोट दाखवून मान हलवली. केसांनी भरलेले होते. त्यानं एकदा आजूबाजूला पाहिलं, छाती भरून श्वास घेतला, आणि सगळ्या गल्लीनं मान वर करावी अशा आवाजात म्हणाला,

"मी ह्याला गाडीत घातलं नाही!"

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"खोली सोडली मी! पुलापलीकडे तळमजल्याला दोन खोल्या घेतल्यात, मागे अंगण आहे! तिला सांगा... तिनं रोज यायलाच पाहिजे असं नाही! तुम्हाला त्रास होत असेल तर येऊच नये! पण पाहुणा तिथे आहे, मी तिथे आहे, एवढं तिला माहीत असावं!"

"एवढंच?" अप्पांनी विचारलं.

तिसऱ्या मजल्यावरही आता कुणीतरी उभं होतं.

"नाही!" तो ओरडला. त्याचा आवाज मधेच चिरकला. "मला ती आवडते! पहिल्या दिवसापासून!"

"मग ते मला काय सांगतोस?" अप्पा म्हणाले. "ती इथे पडद्यामागे उभी आहे."

आता पडद्यात राहण्यात अर्थ नव्हता. ती पुढे आली. कठड्याला धरून खाली पाहिलं. त्यानं नेहमीसारखी मान खाली घातली होती, पण पाहुण्याला असला संकोच नव्हता. तो वर बघून सगळं अंग हलवत होता.

तिला बरंच बोलायचं होतं. नऊ दिवसांचं साचलेलं. पण चार मजल्यांवरून, सगळ्या खिडक्यांच्या देखत, तिच्या तोंडून आलं ते एवढंच,

"दोन्ही खोल्यांना दारं आहेत ना?"

तो गोंधळला. "आहेत."

"मग एका खोलीत पाहुणा जायचा नाही. तिथे माझे कपडे राहतील, आणि न्हाणीघर त्या बाजूला पाहिजे. मी रोज डोक्यावरून न्हाऊन अप्पांकडे येणार. चालेल?"

"न्हाणीघर त्याच बाजूला आहे," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं ते वरूनसुद्धा दिसलं. मग काय विचारलं गेलं ते त्याला नीट उमगलं असावं, कारण तो एकदम फुटपाथच्या कडेला बसला आणि पाहुणा त्याच्या मांडीवर चढला.

तिनं अप्पांकडे पाहिलं. एवढ्या उंचीवरून, मोकळ्या हवेत, ते त्या फाटक्या कानाच्या कुत्र्याकडे टक लावून बघत होते. तिला वाटलं, अप्पांनी आयुष्यात कुत्र्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नसेल.

"चांगलं आहे गं जनावर," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्ही एकटे..."

"संध्याकाळी येतेस ना?"

"येते."

"मग जा."

ती जिना उतरून खाली पोचली, तेव्हा तो उठून उभा राहिला होता आणि त्याचा आवाज पुन्हा कुजबुजीवर आला होता. काय म्हणाला ते ऐकायला तिला अगदी जवळ जावं लागलं. वारा खालच्या तिघांकडून वर वाहायला लागला, तेव्हा अप्पांनी हात हलवला, आत जाऊन बाल्कनीचं दार ओढून घेतलं, आणि काचेपलीकडे खुर्ची सरकवून तिथेच बसले.