भरायचा राहिलेला खड्डा

पावाचा शेवटचा घास चहासोबत गिळून उर्जिनानं फावडं उचललं आणि धाकट्या भावाला, फ्लुरिनला, घेऊन ती गावामागच्या उतारावर चढली. आठवडाभर बर्फ पडत होतं. खाली इस्पितळाकडे जाणारा एकमेव रस्ता याच उताराच्या पायथ्याशी होता आणि तो तिनंच बंद ठेवला होता. बर्फाचा कडा कोसळेल की नाही, हे ठरवायचं काम गावानं तिच्यावर सोपवलं होतं. धुक्यामुळे हेलिकॉप्टर येत नव्हतं. आणि फ्लुरिनच्या बायकोला, मेंगियाला, पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. मूल पायाळू होतं.

"ताई, रस्ता उघडायचा नाही असं तू मनात ठरवूनच निघालीयस."

"मन घरी ठेवून आलेय. तू खण."

त्यांनी छातीइतका खड्डा खणला. उर्जिनानं त्याच्या भिंतीतून बर्फाचा एक खांब कापून मोकळा केला आणि वर फावड्याचं पातं ठेवलं. आता पात्यावर थापा मारायच्या. आधी नुसत्या मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून. खांब जितक्या लवकर मोडेल तितका उतार बेभरवशाचा.

मनगटाच्या थापांनी खांबाला काही झालं नाही, कोपराच्या थापांनीही नाही. मग तिनं खांद्यातून सगळा जोर लावला. खांब जागचा हलला नाही.

"तुझ्यासारखाच हट्टी आहे," फ्लुरिन हसला. पहाटेपासून तो पहिल्यांदाच हसला होता. "मी गाडी काढतो."

"आधी खड्डा भरू."

"राहू दे गं. ती तिकडे तळमळतेय."

गावात कुणी खड्डा उघडा टाकून जात नसे. का, ते कुणी विचारतही नसे. उर्जिना घुटमळली, पण भावाचा चेहरा बघून तिनं फावडं खांद्यावर टाकलं.

तेवढ्यात मागून थाप ऐकू आली.

ती खड्ड्याच्या भिंतीच्या आतून येत होती, हलकी आणि एका लयीत. नुसत्या मनगटातून मारलेली थाप उर्जिनानं झोपेतही ओळखली असती.

मग थोडं थांबून, कोपरातून.

"बर्फ बसत असेल," फ्लुरिन पुटपुटला.

"बर्फाला कोपर कुठला?"

मग खांद्यातून. पायाखालची जमीन हादरली. कुणीही हात न लावता खांब मधोमध सरकला आणि वरचा तुकडा त्यांच्या पायांशी येऊन पडला. तुटलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत होती.

उर्जिनाला भीती वाटायला हवी होती. तिला हात जोडावेसे वाटले.

"रस्ता बंदच राहील," ती म्हणाली.

"मेंगियाला काही झालं तर?"

"मला जन्मभर शिव्या घाल. पण गाडी निघणार नाही."

उतरताना तो तिच्या दहा पावलं पुढेच चालत राहिला.

दुपारी सगळा उतार खाली आला. आधी आवाज नव्हताच, नुसता डोंगर हलल्यासारखा दिसला. मग पांढरा धूर आभाळाला भिडला आणि खिडक्या थरथरल्या. उर्जिना अंगणात आ वासून उभी राहिली. इतकं प्रचंड आणि इतकं सुंदर तिनं काही पाहिलं नव्हतं. धूर बसला तेव्हा रस्ता नव्हता, वळणावरचा पूलही नव्हता.

त्याच वेळी घरातून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. सुईणीनं पाय धरून सुखरूप बाहेर काढली होती. फ्लुरिन बहिणीच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला.

"आता खड्डा भरायची कटकटही नाही," डोळे पुसत तो म्हणाला. "उतारच गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंगियाला डोळा लागला होता. उर्जिना लाकडी पाळण्यापाशी बसून दूध पीत होती. बाळ गाढ झोपेत होतं. त्याची मूठ पाळण्याच्या फळीवर आपटली.

पुन्हा आपटली. हलकी आणि एका लयीत, नुसत्या मनगटातून.

उर्जिनानं पेला खाली ठेवला. दारात फ्लुरिन येऊन थबकला होता.

मूठ थोडी थांबली. मग तो इवलासा हात कोपरातून हलू लागला.

"ताई," फ्लुरिन अगदी हळू म्हणाला, "धर तिला."

उर्जिनानं बाळाच्या खांद्यावर तळहात ठेवला. मग दुसराही ठेवला. तरी तो खांदा सावकाश वर येतच राहिला.